मुद्दई मांजर, मुद्दालेह उंदीर

उंदरामागे धावणाऱ्या मांजराला ‘मुद्दई’ आणि पुढे पळणाऱ्या उंदराला ‘मुद्दालेह’ म्हणणारा एकच माणूस मी पाहिला. ते आमचे घरमालक, नरहरराव सोनपेठकर. परभणीच्या कोर्टात ते मुतर्जिम होते, म्हणजे कागदांची भाषांतरं करणारे. दावा लावतो तो मुद्दई आणि ज्याच्यावर लावतो तो मुद्दालेह, ही दुनियेची वाटणी पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीनं त्यांच्या डोक्यात इतकी घट्ट बसली होती की रस्त्यात दोन कुत्री भांडताना दिसली तरी ते थांबायचे, चष्मा पुसायचे आणि विचारायचे, “यातला मुद्दई कोणता?”

मांजर आणि उंदीर मात्र रस्त्यावरचे नव्हते, फिल्मवरचे होते. नरहररावांकडे हातानं फिरवायचं एक लहानसं सिनेमाचं यंत्र होतं आणि करंगळीएवढ्या रुंदीच्या, मधोमध भोकं असलेल्या फिल्मची रिळं होती. या रिळांत माणसं नसत. हातानं काढलेली चित्रं असत, आणि ती चित्रं पळायची, पडायची, पापडासारखी चपटी व्हायची आणि उठून परत पळायची. मोठे साहेबलोक आपल्या पोरांना घरच्या घरी दाखवायला ही रिळं विलायतेहून मागवत म्हणे. परभणीत ती जमवणारा हा माणूस पन्नाशीचा होता, काळी शेरवानी घालून फिरायचा आणि त्याला मूलबाळ नव्हतं.

मी मूळचा वालूरचा. चौथीपर्यंत उर्दूत शिकलो आणि मग वडिलांनी मला मामांकडे बार्शीला धाडलं. बार्शी तेव्हा इंग्रजांच्या मुलखात, त्यामुळे पुढचं शिक्षण मराठीत झालं. त्याचा काही उपयोग होईल असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. पण निजामाचं राज्य गेलं, कोर्टातली उर्दू हळूहळू मागं सरायला लागली आणि ‘मराठी जाणणारा कारकून’ म्हणून मला परभणीला नोकरी लागली. नरहररावांच्या टेबलाला लागून माझं टेबल, आणि त्यांच्याच घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतलेली. दिवसभर ते शेजारी, आणि घरी आलं की पुन्हा तेच शेजारी.

राहायला आलो त्या पहिल्याच रविवारी सकाळी दाराच्या फटीतून एक कागद आत सरकला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘बनाम वालूरकर. इत्तला देण्यात येते की आज इतवारी दुपारी दोन वाजता मधल्या खोलीत पेशी मुकर्रर आहे. असालतन, म्हणजे स्वतः, हाजिर राहावे. गैरहाजिर राहिल्यास एकतर्फी फैसला होईल.’ नोकरी नवीन होती. मी घाबरून इस्त्रीचा शर्ट घातला.

घर धाब्याचं होतं. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. उजेड यायचा तो छतातल्या सवण्यातून, धूर जायला ठेवलेल्या भोकातून. नरहररावांच्या पत्नी, गंगाकाकू, शिडीनं वर चढल्या, सवण्यावर टोपली पालथी घातली आणि खाली येऊन पाटावर बसल्या. भरदुपारी खोलीत काळोख झाला. समोरच्या भिंतीवर धुतलेला पंचा ताणून बसवला होता. नरहररावांनी यंत्राला मोटारीची जुनी बॅटरी जोडली. ती दर पंधरवड्याला जिनिंग फॅक्टरीत नेऊन चार्ज करून आणावी लागे. मग त्यांनी शेरवानीच्या बाह्या मागं सारल्या आणि हँडल फिरवायला घेतलं. पंचावर एक मांजर आलं.

“मुद्दई हाजिर हाय,” नरहरराव गंभीर आवाजात म्हणाले. “मुद्दालेह मौजे बिळात रूपोश हाय. मुद्दई दबा धरून बसलाय. मुद्दालेह आता बाहेर निघायलाय. मुद्दईनं झडप घातली. मुद्दईचं डोकं भिंतीला लागलं. जखम नंबर एक, कपाळावर, टेंगूळ, आकार पेरूएवढा.”

आवाज अगदी कोर्टात जबानी वाचून दाखवताना असायचा तसा. मला हसावं की उठून उभं राहावं ते कळेना. काकू मात्र हसत होत्या. पोटातून, मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. मांजर छपरावरून धावत आलं आणि छप्पर संपल्यावरही हवेत चार पावलं चाललं, तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारून घेतली. “ह्या मेल्याला खाली बघायचं कवा सुचणार,” त्या म्हणाल्या. मी शेजारून म्हणालो, “काकू, गंमत आहे हो.” त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. मी पुन्हा म्हणालो. नाहीच. मनात म्हटलं, घरमालकीण आहेत, भाडेकरूशी बोलत नसतील.

पेशी संपल्यावर काकू स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा नरहरराव म्हणाले, “तिला ऐकू येत नाही. लगीन झाल्यावर सहाव्या वर्षी विषमज्वर झाला, त्यात कान गेले.” पुढची तारीख सांगावी तसं त्यांनी हे सांगितलं.

“मग तुम्ही एवढं सगळं बोलता ते कुणासाठी?”

“मिसलीत नोंद पाह्यजे का नको?” ते म्हणाले आणि रीळ गुंडाळायला लागले.

मिसल म्हणजे खटल्याची फाईल. प्रत्येक रिळाची त्यांनी वेगळी मिसल केली होती. वर नंबर, आत उभयपक्षांची नावं, जखमांची यादी, शेवटी फैसला. बहुतेक फैसले एकच होते: ‘मुद्दालेह बरी’, म्हणजे निर्दोष सुटला. एका रिळाचा शेवट कुणीतरी तोडून नेला होता, त्या मिसलीवर ‘जेरे तजवीज’ असा शेरा होता. खटला चालू आहे. रिळांत मधूनमधून इंग्रजी नाहीतर फ्रेंच अक्षरांच्या पाट्या यायच्या. फ्रेंच त्यांना येत नव्हती. तरी त्या पाट्यांचं त्यांनी तर्कानं भाषांतर केलं होतं आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘मुतर्जिमाला जबान अवगत नाही, चित्रावरून अंदाज.’

कोर्टात त्यांची चेष्टा व्हायची. एक तरुण वकील रोज विचारायचा, “मुतर्जिमसाहेब, मांजराचं वकीलपत्र आम्हाला मिळेल का?” नरहरराव एक दिवस मान वर न करता म्हणाले, “मांजराची बाजू कमजोर हाय. पण तुमाला हारायची सवय हाय, तवा घ्या खुशाल.”

यंत्र त्यांच्याकडे आलं कसं, हे काकूंनीच मला सांगितलं. काकू बोलायच्या भरपूर. फक्त उत्तर ऐकायची सोय नव्हती. पोलिस ॲक्शननंतर एक मोठा अंमलदार परभणी सोडून गेला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा हर्राज झाला, म्हणजे लिलाव. सामानाची यादी करायला नरहररावांना बोलावलं होतं. एका लाकडी पेटीत हँडल असलेलं काहीतरी निघालं. ते काय आहे हे कुणालाच सांगता येईना. यादीत तर काहीतरी लिहायलाच हवं. नरहररावांनी लिहिलं, ‘शिलाई मशीन, छोटी, एक अदद, नादुरुस्त.’ आणि आपण लिहिलं ते खरं मानून स्वतःच ती घेतली, बायकोसाठी.

“दोन दिवस मी त्यात चोळीचा कपडा घालायला बघायले,” काकू सांगत होत्या. “सुईच सापडंना. ह्यांना विचारलं, सुई कुठंय? तर हे खुणेनं म्हणतेत, आतल्या डब्यात बघ. डब्यात बघितलं तर रिळं. पण दोरा काळा आन् चपटा.”

शेवटी काकूंनीच तो दोरा उजेडाकडे धरला आणि त्यांना मांजर दिसलं. एकापुढे एक, एकापुढे एक, शेकडो मांजरं, आणि प्रत्येकाचा पाय आधीच्यापेक्षा जरासा पुढे.

तिथून नरहररावांचा शोध सुरू झाला. कुठं कुणा जहागीरदाराच्या घरचं सामान निघालं, कुणी अधिकारी बदलून गेला, की हे रजा टाकून हजर. मुंबईच्या दुकानांना ते पत्रं लिहायचे, तीही अर्जाच्या थाटात: ‘अर्जदार अदबीनं गुजारिश करतो की’. दुकानदार बिचारे उत्तर काय देणार? एकदा कुणीतरी सांगितलं की चुडाव्याच्या स्टेशनाजवळ एका माणसाकडे विलायती रिळांचा पेटारा आहे. नरहरराव रेल्वेनं गेले, संध्याकाळी पेटारा घेऊन परत आले. त्यात शिवणाच्या दोऱ्याची रिळं होती, सत्तर रंगांची. त्यांनी पेटारा तसाच काकूंपुढे सरकवला. काकूंना मात्र फार आनंद झाला. पुढे वर्षभर त्यांच्या घरातली प्रत्येक उशी वेगळ्या रंगाची होती.

पालमची हकीकत मी डोळ्यांनी पाहिली. तिथल्या एका देशमुखांनी जुन्या ट्रंका मोकळ्या केल्याची बातमी लागली होती. आम्ही दोघं एसटीनं पोचलो तेव्हा कळलं की रिळं होती खरी, पण देशमुखांनी ती गड्याला देऊन टाकली. गडी शोधला. तो बैल सजवत होता, कारण त्या दिवशी पोळा होता. बैलाच्या दोन्ही शिंगांना खालपासून वरपर्यंत काळी चकचकीत फिल्म गुंडाळली होती आणि वर बेगड लावली होती.

नरहररावांनी खिशातून भिंग काढलं आणि बैलाच्या शिंगांभोवती फिरायला सुरुवात केली. बैल मान हलवायचा, हे भिंगासकट मागं व्हायचे. दहा मिनिटांनी ते माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, “कुत्रा हाय. आणि एक बदक. आपल्याकडं बदक नाही.”

“हे सोडून देता का?” मी गड्याला विचारलं.

“आता कसं सोडू? मिरवणूक व्हायचीय,” गडी म्हणाला. “पोळा फुटल्याबिगर काई सोडायचो न्हाई. बैलाचा सण हाय, सायेब, तुमचा न्हाई.”

हा मुद्दा नरहररावांना कायद्यानं पटला. ते म्हणाले, “बराबर हाय. कब्जा बैलाचा हाय.” मग वाजंत्री लागली, बैल निघाले, आणि त्या बैलामागं सगळ्या गावातून काळ्या शेरवानीतले मुतर्जिमसाहेब छत्री घेऊन चालत होते, शिंगावरची फिल्म कुठं सुटतेय का ते बघत. गावातल्या बायकांना वाटलं सरकारनं बैल मोजायला माणूस धाडलाय. संध्याकाळी पुरणपोळी खाऊन बैल मोकळा झाला तेव्हा गड्यानं फिल्म उलगडून दिली. डाव्या शिंगावरची नीट होती. उजव्या शिंगावरची बैलानं मारुतीच्या पारावर घासली होती, त्यामुळे त्या रिळातलं बदक आरंभापासून पावसात भिजल्यासारखं दिसायचं. मिसलीत शेरा पडला: ‘पुरावा अंशतः खराब, कारण बैल.’

एवढा हव्यास असलेल्या माणसाला मोठं घबाड चालून आलं तेव्हा तो काय करील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. निदान मला तसं वाटलं होतं. जिनिंग फॅक्टरीच्या शेठजींनी मुंबईहून एक नवं यंत्र आणलं होतं. विजेवर चालणारं आणि बोलकं. त्यासोबत आठ रिळं, सगळी रंगीत, मांजर-उंदरांचीच. शेठजींच्या मुलांना त्यात दोन महिन्यांतच रस उरला नाही. बॅटरीच्या निमित्तानं नरहररावांची तिथं ओळख होतीच. शेठजी म्हणाले, “तुमचं ते जुनं डबडं आमच्या दिवाणखान्यात शोभेला द्या आणि हे तुम्ही घ्या. आमच्या फॅक्टरीची वीज वापरा, दर रविवारी इथंच खेळ करा.”

त्यांनी आम्हाला एक रीळ चालवून दाखवलं. मांजर म्याव म्हणालं, बँड वाजला, भांडी खणखणली. मी तर खुर्चीतून पुढं झुकलो. नरहरराव हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बघत राहिले आणि मग उठून म्हणाले, “शेठजी, मेहरबानी. पण बोलकं मांजर आपल्याला नको. बोलणारे कोर्टात लय हायत.”

परत येताना मी चिडलो होतो. रस्ताभर त्यांना ऐकवत होतो की असा योग परत येणार नाही, की लोक हसतील. रेल्वे फाटकापाशी गाडी जायची वाट बघत आम्ही थांबलो. तिथं ते बोलले.

“वालूरकर, एकदा तंबूतला सिनेमा आला होता. तिचे कान जाऊन वरीस झालं होतं. मी म्हटलं, चला, तेवढाच जीव रमेल. बायकांच्या बाजूला ती बसली, इकडं मी. लोक हसायले की ती आधी शेजारणीच्या तोंडाकडं बघायची आणि मग हसायची. दर वेळी. मी अर्धा सिनेमा तेच बघत होतो. घरी आल्यावर म्हणते, लय चांगला होता.” गाडी आली, डबे गेले, फाटक उघडलं. “चला,” ते म्हणाले.

पुढे आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि नवे नियम आले. जुन्या नोकरांनी मराठीची परीक्षा द्यायची. दोन वेळा बसता येईल, दोन्हीत नापास झाला तर नोकरीतून कमी. उर्दू, फारसी, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशा पाच भाषांत काम केलेल्या माणसाला मराठी येते का, हे आता सरकार तपासणार होतं. नरहरराव हसले. तयारी वगैरे काही न करता गेले. तोंडी परीक्षेला समोर पुण्याकडचे एक गृहस्थ होते.

“आपलं नाव आणि माहिती सांगा,” ते म्हणाले.

“बंदा नरहर वल्द विठ्ठलराव, कौम बिरहमन, सकूनत परभणी, पेशा मुतर्जिमी.”

“मराठीत सांगा.”

“मराठीतच सांगितलं की,” नरहरराव म्हणाले.

त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. ते नापास झाले.

त्या दिवशी ते कोर्टातून घरी आले आणि शेरवानी न काढता ओट्यावर बसून राहिले. काकूंनी काय झालं म्हणून विचारलं. एरवी कुठलीही गोष्ट दोन हातांनी त्यांना समजावणाऱ्या माणसाला ‘मी मराठीत नापास झालो’ याची खूण सुचेना. तोंडाकडे बोट दाखवलं, मग हात हलवला. काकू म्हणाल्या, “दाढ दुखतीया?” आणि लवंग आणून दिली. त्यांनी ती चावली.

नाजरसाहेब, म्हणजे आमचे कोर्टातले वरिष्ठ, मला बाजूला घेऊन म्हणाले, “पुढच्या खेपेला पास झाले नाहीत तर घरी बसतील. तू शिकव.” माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला मी मराठी शिकवायची. तीही बार्शीची. मी पुस्तकं आणली, व्याकरण काढलं. आठवडाभरात आम्ही दोघंही वैतागलो. शेवटी युक्ती सुचली ती मला, आणि आयुष्यात मला सुचलेली ती एकच. मी म्हणालो, “काका, रविवारची पेशी नव्या मराठीत करा.”

त्या रविवारी पंचावर मांजर आलं तेव्हा नरहररावांनी घसा खाकरला.

“मुद्दई... वादी,” ते म्हणाले. “वादी हजर आहे. प्रतिवादी बिळात... रूपोश...”

“लपलेला.”

“लपलेला आहे. वादीनं प्रतिवादीवर हमला...”

“हल्ला.”

“हल्ला तरी कुणाचा हाय?” त्यांनी हँडल थांबवलं. मांजर हवेत लटकलं. “अर्ज कुणाचा? वकील कुणाचा? कायदा, जामीन, फिर्याद, तारीख? सगळे आमच्याकडूनच गेलेत. तुमी फक्त त्यांना धोतर नेसवलंत.”

“नेसवलंय ना? मग परीक्षेपुरतं राहू द्या,” मी म्हणालो. काकू मागं वळून म्हणाल्या, “भांडण मागून करा. ते मांजर किती येळ टांगून ठिवता?”

असे आठ महिने गेले. मांजर वादी झालं, उंदीर प्रतिवादी झाला, फैसल्याचा निर्णय झाला आणि पेशीची सुनावणी झाली. नरहरराव कधी कधी बाजारातही सराव करायचे. भाजीवालीला म्हणाले, “बाई, सदर वांगी किडकी असल्याचे निदर्शनास येते.” ती म्हणाली, “मुतर्जिमसाब, तब्येत बरी हाय ना?”

परीक्षा झाली. निकाल लागायचा होता. आणि मधेच एका रविवारी, खेळ ऐन रंगात असताना, यंत्रातला दिवा गेला.

तो साधा दिवा नव्हता. बोटाच्या पेरापेक्षा लहान, त्या यंत्रापुरताच बनवलेला. पेटीत दोन जास्तीचे होते, ते आधीच संपले होते. नरहररावांनी मुंबईला पत्रं लिहिली. या वेळी उत्तर आलं: हे यंत्र विलायतेतच बनणं बंद झालंय, दिवे कुठंही मिळणार नाहीत. एसटीच्या एका मेस्त्रीनं मोटारीचा दिवा बसवून पाहिला. उजेड भक्कम पडला आणि दुसऱ्याच मिनिटाला पंचावरच्या मांजराच्या पोटात एक तपकिरी डाग उमटून वाढत गेला. जळका वास सुटला. नरहररावांनी घाईनं रीळ ओढून काढलं. मी म्हणालो, “शेठजींचं यंत्र अजून तसंच पडून आहे.” त्यांनी मान हलवली. आवाज बंद करून चालवता येईल, हे माझ्या मनात आलं होतं, त्यांच्याही आलं असणार. पण तिथं शेठजींच्या घरची माणसं असणार, पाहुणे असणार, आणि काकूंना पुन्हा लोकांच्या तोंडाकडे बघावं लागणार.

पेशी बंद झाली. पुढच्या रविवारी दुपारी मी खोलीत वाचत पडलो होतो. वर पावलं वाजली. काकू धाब्यावर गेल्या होत्या, सवण्यावर टोपली ठेवायला. सवयीनं असेल, किंवा नरहररावांनी कुठून तरी दिवा आणला असेल असं त्यांना वाटलं असेल. खाली येऊन त्या पाटावर बसल्या. मी दारातून बघितलं. नरहरराव यंत्राजवळ नुसते उभे होते. त्यांनी दोन्ही हात उघडे करून दाखवले. काकू म्हणाल्या, “असू द्या,” आणि तरी अंधारात थोडा वेळ बसून राहिल्या. मग उठून गेल्या. हे तीन रविवार झालं. तिसऱ्या रविवारी नरहररावांनी जेवणही धड केलं नाही.

चौथ्या रविवारी दुपारी नाजरसाहेबांनी मला घरी बोलावून घेतलं. निकालाचा कागद आला होता. नरहरराव पास होते. पुढं त्यांना रेकॉर्ड रूमला नेमलं, जुन्या उर्दू कागदांची मराठी करायला, आणि तिथूनच ते मानानं रिटायर झाले. पण ते सगळं नंतर. त्या दुपारी मी तो कागद खिशात घालून जवळजवळ पळतच घरी आलो. हाक मारणार होतो. मधल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

सवणं मोकळं होतं. वरून उन्हाचा एक चौकोन खाली जमिनीवर पडला होता. शेरवानी खुंटीला होती. मुतर्जिमसाहेबांनी धोतर वर खोचलं होतं, मिशीच्या दोन्ही बाजूंना काजळाच्या तीन तीन रेघा ओढल्या होत्या आणि ते चारी हातापायांवर होते. ते कोपऱ्यातून धावत आले, उन्हाच्या चौकोनात येऊन थांबले आणि जागच्या जागी हातपाय हलवत राहिले. मग आडवे झाले. आधी एक हात टेकवून, बेतानं, कारण गुडघे जुने होते. तोंडातून एक अक्षर नाही. ना उर्दू, ना मराठी. नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता.

पाटावर बसून काकू हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “तसं न्हाई,” त्या म्हणाल्या. “आधी खाली बघतंय ते. बघितल्याबिगर पडत न्हाई.”

नरहररावांनी पडल्या पडल्या मान हलवली, की चूक कबूल आहे. तेवढ्यात काकूंना दारात मी दिसलो. मी बोलायला तोंड उघडलं होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी चपला काढल्या आणि उंबऱ्यावर बसलो. नरहरराव उठले, त्यांनी गुडघे झाडले आणि पुन्हा कोपऱ्यापासून धावायला सुरुवात केली.